कनिशायच्या चार पट्ट्या

१

कनिशाय मेली तेव्हा तिच्या वेण्या नुकत्याच घातलेल्या होत्या. बुरुल डॉक्टरच्या डोळ्यांसमोरून पुढे कितीतरी दिवस हलेना ते हेच. चेहरा निळसर पडलेला, उशी ओकारीनं भिजलेली, एक हात पलंगाबाहेर लोंबतोय आणि खांद्यांवर दोन घट्ट, तुळतुळीत वेण्या. मरणाऱ्या माणसाचं काहीतरी विस्कटलेलं असतं. हिचे केस तेवढे जागच्या जागी होते.

चोवीस वर्षांची पोर. मंगळवारी दुपारी सासूच्या झोपेच्या गोळ्या मूठभर गिळून इस्पितळात आली होती. सरोवराकाठच्या या गावात गोळ्या खाऊन येणारी माणसं काही नवी नव्हती. पोरं कामाला रशियात जातात, मागे सुना राहतात, आणि एखाद्या दुपारी एखादीचा धीर सुटतो. अशांसाठी चार पलंगांची एक खोली होती आणि ती बुरुल सादिरोव्नाच्या ताब्यात होती. पन्नाशी उलटलेली, बोलायला तिखट, नवरा गेल्यापासून जास्तच तिखट.

तिची पद्धत सगळ्या इस्पितळाला ठाऊक होती. विषाचा रोगी आला की आल्या आल्या कार्डिओग्राम, मग पुन्हा, मग पुन्हा. त्या पट्ट्या ती खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडायची आणि सांगायची की याला फिट येणार, याचं हृदय वाट सोडणार, हा नुसता घोरून उठेल. झोपेच्या गोळ्यांचं विष हृदयात शिरलं की पट्टीवरचे सुईसारखे काटे बसकट होत जातात. जरा बसकट झाले तर झटके, फार झाले तर हृदयाचाच तोल जातो. आणि काटे पुन्हा सुईसारखे होऊन तसेच टिकले, की माणूस वाचलं. बारा वर्षांत हा नियम तिला फसवून गेला नव्हता. बाकीचे डॉक्टर पाठीमागे हसायचे. म्हाताऱ्या बाया एक्केचाळीस दाणे मांडून भविष्य सांगतात, तशी आपली बुरुल पट्ट्या मांडते, म्हणायचे.

कनिशायची पहिली पट्टी किंचित बसकट होती. दुसरी, त्याच रात्रीची, पाहून बुरुलनं झटक्यावरचं औषध भरून ठेवायला सांगितलं होतं. झटका आलाच, पण औषध तयार होतं आणि पोर त्यातून निघाली. गुरुवारी संध्याकाळी काटे सरळ झाले म्हणून तिला साध्या खोलीत हलवलं. तेव्हा तिची आई ऊलकान दारात उभी होती. सगळं विष उतरलं का, असं तिनं विचारलं. बुरुल घाईत होती. उतरतंय, थोडं अंगात आहे अजून, दोन दिवसांत जाईल, असं म्हणून ती पुढे गेली. शुक्रवारी सकाळच्या फेरीत तिनं तिसरी पट्टी काढली. सुईसारखी. तिनं स्वतःच्या हातानं सलाईनची सुई काढून टाकली आणि पोरीच्या गालावर चापटी मारून म्हणाली, आता पळ.

दुपारच्या जेवणाची भांडी वाजायच्या आत पोर गेली होती.

मुख्य डॉक्टर बेकतेन ओरोझोविच आले, पाहिलं, चष्मा पुसला. म्हणाले, "बुरुल सादिरोव्ना, दाण्यांनी या खेपेला दगा दिला तुम्हाला. एक तर जुनं विष उलटलं, नाहीतर पोरीनं गोळ्या लपवल्या होत्या आणि पुन्हा खाल्ल्या. माझ्या दृष्टीनं दोन्ही एकच." आणि मृत्यूच्या कागदावर त्यांनी गोळ्यांचं नाव लिहून टाकलं.

बाहेर बाकावर ऊलकान बसली होती. मांडीवर कागदात गुंडाळलेल्या नव्या सपाता. ती रडत नव्हती. तिनं बुरुलचा पांढरा कोट धरला.

"सकाळी मी तिच्या वेण्या घातल्या, डॉक्टर. म्हणाली, आई, माझ्या सपाता फाटल्यात. म्हणून मी बाजारात गेले. ज्या पोरीला नव्या सपाता हव्यात ती मरायला निघते का?"

बुरुल तिच्याशेजारी बाकावर बसली.

"मुल्ला म्हणतोय, स्वतःच्या हातानं गेली असेल तर मी नमाज पढणार नाही. उद्या दुपारी मातीत ठेवायचंय तिला. एवढंच सांगा मला. तिनं पुन्हा केलं का?"

२

माणसं मेली म्हणून बुरुल कधी खोलीचं दार लावून बसली नव्हती. त्या दिवशी बसली. चारही पट्ट्या तिनं कट्ट्यावर मांडल्या. चौथी मरतानाची होती. नर्स ल्यूबानं यंत्र ओढत नेऊन काढलेली, कागद जरा तिरका गेलेला.

ल्यूबा दाराशी रडत उभी होती. तिला वाटत होतं की आपल्याच हातून सलाईनमध्ये भलतं काहीतरी गेलं. बुरुलनं तिला हात धरून खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की सुई सकाळीच काढली होती, मी स्वतः. तुझ्या हातून काहीही गेलेलं नाही, नाक पूस. मग ती पुन्हा पट्ट्यांकडे वळली.

आधी तिला स्वतःचीच शंका आली होती, हे खरं. बारा वर्षं आपण साप म्हणून भुई तर धोपटत नव्हतो? पण मग तिनं चौथी पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पोरीनं पुन्हा गोळ्या खाल्ल्या असत्या, किंवा जुनं विष उलटलं असतं, तर काटे पुन्हा बसकट व्हायला हवे होते. आधी जरा, मग जास्त, मंगळवारी झाले तसेच. इथे तसं काहीच नव्हतं. इथे एक काटा वर होता, दुसरा खाली, तिसरा वर, चौथा खाली. एकाच घोड्यावर दोन माणसं पाठीला पाठ लावून बसावीत आणि दोघांनी आपापल्या दिशेला टाच मारावी, तसं ते हृदय धावलं होतं.

झोपेच्या गोळ्या असं करत नाहीत. असं करणारी दोनच विषं तिला ठाऊक होती. एक, थकलेल्या हृदयाला देतात त्या डिजिटॅलिसच्या गोळ्या, जास्त झाल्या तर. दुसरं, डोंगरातलं मूळ. आपण ज्याला बचनाग म्हणतो तेच. इकडे त्याला नुसतं मूळ म्हणतात, आणि गुडघ्यांना चोळायला ते दर तिसऱ्या घरात सापडतं.

म्हणजे नियम फसला नव्हता. सकाळची पट्टी खरी होती. पोर बरी झाली होती, आणि बरी झाल्यानंतर कुणीतरी तिच्या तोंडात दुसरंच विष घातलं होतं.

कुबात आला. सरकारी तपासनीस, पण लहानपणी बुरुलच्या परसातल्या जर्दाळूंवर पोसलेला, म्हणून तिला अजून एजे म्हणायचा, थोरली बहीण म्हणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. रक्त तपासायला राजधानीला पाठवू, पण उत्तर यायला महिना जाईल, आणि पुरायचं तर उद्या आहे, असं त्याचं म्हणणं.

"आणि एजे, रागावू नका. चार कागदी फितींवरून मी कुणाच्या दारात जाऊन खून म्हणू?"

"खून म्हणू नकोस. नुसतं विचार, घरात हृदयाच्या गोळ्या कोण घेतं."

कुबातनं टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "ते विचारायला नको. तिची सासू घेते. सगळ्या आळीला माहीत आहे."

३

सासूच्या, म्हणजे जूराच्या, अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला होता. आत पडद्याआड कनिशाय होती आणि बायका भिंतीकडे तोंड करून हेल काढत होत्या. बाहेर पुरुष काठीवर वाकून उभे होते. चुलाण्यावर कढई चढलेली, बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले जात होते, कारण तेलाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो अशी सगळ्यांची खात्री. बुरुलला तो वास नकोसा झाला. तिला सारखं वाटत होतं की आतलं रडणंसुद्धा एकदा वर जातंय, एकदा खाली.

जूरा म्हणजे सरळ बोलायचं तर कजाग बाई. सुनेचा चहा पातळ, सुनेचा नान जाड, सुनेचं उठणं उशिराचं. कुबातनं विचारलं तेव्हा तिनं एप्रनच्या खिशातून बाटली काढून टेबलावर आपटली. हो, घेते मी हृदयाच्या गोळ्या. बाटली अर्धी रिकामी होती. उरलेल्या कुठे गेल्या? पोटात गेल्या, दुसरीकडे कुठे जाणार. सुनेला काही पाठवलं होतं का? पाठवले होते, बोर्सोक, आज सकाळी, चौकीदाराच्या हाती. स्वतः का नाही गेलीस? यावर जूरानं बुरुलकडे बोट केलं.

"हिला विचारा. हिनंच चौकीदाराला सांगून ठेवलंय, सासरचं कुणी आत सोडायचं नाही. मी काय वाघीण होते?"

ते खरं होतं. पोर बोलती होईपर्यंत सासरचं माणूस नको, असा हुकूम बुरुलनंच दिला होता.

तालाय, कनिशायचा नवरा, गोठ्याच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. त्यालाही आत सोडलं नव्हतं, पण गुरुवारी संध्याकाळी तो खिडकीखाली गेला होता आणि ती वरून बोलली होती. काय बोलणं झालं ते तो तुटक तुटक सांगत राहिला. यावेळी तुला सोडून जात नाही, असं त्यानं तिला सांगितलं होतं. सोमवारची रशियाची दोन तिकिटं काढली होती, तिचंही. उभं राहता आलं पाहिजे मात्र, असं म्हणाला होता. ती वरून हसली होती. खिशातून त्यानं ती तिकिटं काढून दाखवली आणि परत ठेवली, कुणी हिसकावून घेईल अशा भीतीनं.

तंबूच्या दारात ऊलकान उभी होती. हृदयाच्या गोळ्यांचं तिच्या कानावर गेलं होतं. ती जूरासमोर येऊन थांबली. दोघी विहिणी लग्नानंतर कदाचित पहिल्यांदाच एकमेकींच्या डोळ्यांत बघत होत्या.

"माझी पोर तुझ्या घरात झोपेच्या गोळ्या खायला शिकली," ऊलकान म्हणाली. "आणि मेली नाही म्हणून तू तिला दुसऱ्या दिल्यास. कणकेत मळल्यास."

जूरानं टेबलावरच्या बाटलीकडे हात नेला. आळीतल्या बायका वळून बघायला लागल्या. कुबातनं बाटली रुमालात गुंडाळली आणि म्हणाला, जूरा आपा, गाडीत बसा.

४

इस्पितळात परत येईपर्यंत बुरुलचं मन तिला खात होतं. सगळं कसं पटापट जुळत होतं, आणि तिला पटापट जुळलेलं कधी आवडत नसे.

एक तर डिजिटॅलिसला वेळ लागतो. पोटात गेल्यावर कितीतरी तास माणसाला नुसतं मळमळतं, नाडी हळू होते, पिवळं दिसतं. पट्टीवर ते आधीच डोकावतं. कनिशायची सकाळची पट्टी स्वच्छ होती, ती हसत होती, सपाता मागत होती, आणि दुपारच्या आत खलास. सकाळी आलेल्या बोर्सोकमधून गोळ्या गेल्या असत्या तर ती संध्याकाळपर्यंत तरी तगली असती, आणि तेवढ्यात बुरुलनं तिला वाचवली असती. हे शेवटचं मनात आलं तेव्हा तिला जिन्यावर थांबावं लागलं.

साध्या खोलीच्या बाहेर, पॅसेजमध्ये, एक पलंग आडवा लावलेला होता आणि त्यावर खादिचा बसली होती. कनिशायच्याच खोलीतली मुतखड्याची रोगी, दुंगान, म्हणजे चिनी मुसलमान बाई, बाजारात आश्ल्यान-फू, म्हणजे थंड आंबट शेवया विकते; तोंडाचा पट्टा कधी बंद नाही. आज तिनं स्वतःच पलंग ओढून बाहेर आणला होता आणि आत जायला ती साफ नकार देत होती. खोलीत कुणीतरी जुनिपरची फांदी जाळून धूर केला होता. तरी खादिचा म्हणे, उपयोग नाही.

"ती आहे आत," खादिचा म्हणाली. "डोळे मिटले की दिसते. पलंगावर बसलेली असते आणि ओठ चोळत असते."

बुरुल दमली होती. भुताखेतांच्या गोष्टी ऐकायची तिची तयारी नव्हती. ती पुढे निघाली आणि चार पावलांवर थांबली.

भूत कुणालाही दिसो, ते ओठ कशाला चोळेल? गळा धरेल, रडेल, हाक मारेल. ओठ चोळणारं भूत तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. खादिचानं हे मनानं रचलेलं नव्हतं. तिनं ते पाहिलं होतं, सकाळी, उघड्या डोळ्यांनी, आणि आता डोळे मिटले की तेच परत येत होतं.

ती परत फिरली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"जिवंत होती तेव्हाही चोळत होती का ओठ?"

खादिचा विचारात पडली. मग हळूहळू मान हलवली. हो. बोटांनी असे असे. जीभ बाहेर काढून बघत होती. ओठ बधिर झालेत म्हणाली, थंडीत गारठल्यासारखे. मग हाताची बोटंही. मग ओकारी.

बुरुलनं डोळे मिटून घेतले. डिजिटॅलिसनं ओठ बधिर होत नाहीत. होतात ते मुळानं. आणि मूळ पोटात गेलं की तासभरही थांबत नाही.

५

मग सगळं सोपं व्हायला हवं होतं. पोरीनं मूळ खाल्लं कशातून?

"बोर्सोक खाल्ले तिनं?"

खादिचा कानकोंडी झाली. खरं सांगायचं तर बोर्सोक तिनंच खाल्ले होते, सगळे. पोरीनं सासूच्या हातचं म्हणून तोंड वाकडं केलं, आणि खादिचाला टाकवेना. चांगले होते, म्हणाली, जरा मीठ कमी. खादिचा समोर धडधाकट बसलेली होती. म्हणजे जूरा सुटली.

"इस्पितळाची लापशी?"

ती तशीच परत गेली. दुपारचं मटणाचं पाणी तोवर आलंच नव्हतं.

"मग कोण आलं होतं तिच्याकडे सकाळी?"

"कुणी नाही."

"नीट आठव."

"अहो डॉक्टर, मी काय झोपले होते? दार माझ्या समोर. पाहुणा म्हणून एक माणूस आला नाही त्या पोरीला. मला वाईट वाटलं होतं."

बुरुलनं खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिला खात्री होती की खादिचा खरं बोलतेय, आणि तरी कुठेतरी पाणी मुरत होतं. कुणी आलं नाही, मग पोरीच्या तोंडात मूळ आकाशातून पडलं? खिडकी तर वरच्या मजल्याची. ल्यूबा आत गेली नव्हती. स्वतः पोरीनं आणलं असतं तर कुठून? तिच्याजवळ फाटक्या सपातांशिवाय काही नव्हतं.

आणि मग तिला त्या वेण्या दिसल्या. खांद्यांवरच्या, घट्ट, तुळतुळीत. स्वतःच्या हातानं कुणालाही इतक्या सरळ घालता येत नाहीत.

बाकावर ऊलकान म्हणाली होती ते तिला आता कुठे आठवलं, तरी तिनं विचारलंच. "वेण्या कुणी घातल्या, खादिचा?"

"आईनं. पहाटेच्या पहिल्या गाडीनं आली होती तोसोरहून."

"मग कुणी आलं नाही असं का म्हणालीस?"

खादिचानं तिच्याकडे पाहिलं, डॉक्टर असून इतकंही कळत नाही का, अशा नजरेनं. "आईला कोण पाहुणी म्हणतं?"

तिनं पुढचं सगळं न विचारताच सांगितलं. तुम्ही फेरी करून गेलात आणि आईनं पिशवीतून मधाची बरणी काढली. मध जरा काळपट होता. पोरीला मांडीशी घेतलं, चमच्यानं चाटवला. मग वेण्या घातल्या. थोड्या वेळानं पोर म्हणाली, आई, ओठ बधिर झाले. आई काय म्हणाली ठाऊक आहे? लागू पडतंय, म्हणाली. विष विषाला हाकलतंय. खूश होती बिचारी. त्याच खुशीत सपाता आणायला बाजारात गेली.

पॅसेजमधून ल्यूबा भांड्यांची गाडी ढकलत गेली. बुरुलला गुरुवारची संध्याकाळ आठवली. दारात उभी असलेली आई आणि आपण चालता चालता फेकलेलं वाक्य. थोडं अंगात आहे अजून. विष थोडं अंगात आहे असं डॉक्टरनंच सांगितल्यावर कुठल्या आईला दोन दिवस हातावर हात ठेवून बसवलं असतं?

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जूराच्या अंगणाकडे निघाली तेव्हा गाव लख्ख उन्हात होतं आणि डोंगरावरचं बर्फ डोळ्यांना टोचत होतं. वाटेत तिनं हिशेब करून पाहिला. गोळ्यांनी मेली म्हणावं तर मुल्ला तोंड फिरवतो. दुसऱ्या विषानं मेली एवढंच सांगून गप्प बसावं तर जूरा तुरुंगात सडते. आणि खरं सांगावं तर एक आई जिवंतपणी मरते. खोटं बोलण्यात बुरुलला काही विशेष वाटत नसे. रोग्यांशी ती रोज बोलायची. पण इथे प्रत्येक वाटेवर कुणी ना कुणी आडवं पडलेलं होतं.

कबरीकडे जायची तयारी चालली होती. कुबातची गाडी फाटकाशी उभी होती. जूराला शहरात न्यायच्या आधी सुनेचं शेवटचं दर्शन घ्यायला त्यानं आणलं होतं, पण बायकांनी तिला तंबूत येऊ दिलं नाही, म्हणून ती गाडीतच मागे बसून होती, काचेला कपाळ लावून. मुल्ला तंबूपासून लांब, जर्दाळूखाली, कुणाशी न बोलता उभा होता.

ऊलकान बुरुलला पाहून बाहेर आली. दोघी लाकडाच्या ढिगामागे गेल्या.

"कळलं?"

"कळलं, आपा. तिनं पुन्हा गोळ्या घेतल्या नाहीत. पहिल्या गोळ्यांनीही ती गेली नाही. त्यातून ती पूर्ण बरी झाली होती. मी मुल्लाला तसं सांगायला तयार आहे."

ऊलकाननं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. किती तरी वेळ तिचे खांदे हलत होते. मग तिनं बुरुलचे हात धरले, डोळ्यांना लावले, तुझ्या लेकराबाळांचं भलं होवो म्हणाली. बुरुलला लेकरंबाळं नव्हती. तिनं हात सोडवून घेतले नाहीत.

"म्हणजे जूराच. मी म्हटलं होतं."

"जूरा नाही."

"मग?"

तोंडातल्या तोंडात शब्द फिरवत बसण्यात अर्थ नव्हता. बुरुलनं सरळ विचारलं, "आपा, परवा तुम्ही मला विचारलंत, विष उतरलं का. मी काय म्हणाले होते?"

"थोडं आहे म्हणालात."

"मग काल सकाळी तुम्ही तिला काय भरवलंत?"

"मध." ऊलकान जराशी हसली, एखाद्या चांगल्या गोष्टीची आठवण निघावी तशी. "मुळाचा. आमच्याकडे तोसोरला वसंतात सगळेच घेतात, रक्त साफ व्हायला. माझा बाप घ्यायचा, मी घेते. पहाटे निघताना मुद्दाम केला होता. तिचे ओठ लगेच..."

आणि ती थांबली.

बुरुलनं आयुष्यात खूप पट्ट्या पाहिल्या होत्या. माणसाच्या चेहऱ्यावर हृदय असं थांबताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं. तिला वाटलं, मागे वळावं, हे सगळं मागे घ्यावं, म्हणावं की नाही हो आपा, माझीच चूक, दाणे चुकले. तिनं ऊलकानचा दंड धरला.

"गोळ्यांनी हृदय आधीच थकलं होतं तिचं," ती म्हणाली. "धडधाकट माणसाला कदाचित सोसलं असतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी अर्धंच सांगितलं. माझ्या बोलण्यावर तुम्ही..."

ऊलकान ऐकत नव्हती. तिचे ओठ हलत होते. ती स्वतःशी काहीतरी मोजत होती असं वाटलं, पण मोजत नव्हती.

"मी एकच चमचा देणार होते," ती म्हणाली. "एक पुरतो. मी बरणीला झाकण लावलं होतं. ती म्हणाली, आई, अजून एक दे. मी म्हटलं, कडू लागेल. म्हणाली, लागू दे, सोमवारच्या आत मला उभं राहायचंय."

तंबूतलं रडणं वर चढलं आणि उतरलं.

"तिनं मागून घेतला, डॉक्टर. जगायला मागून घेतला."

बुरुल रडली. पांढरा कोट, पन्नाशी, तिखट जीभ, सगळं असून लाकडाच्या ढिगाला टेकून ती रडली. ऊलकान रडली नाही. तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला, त्याची टोकं घट्ट बांधली आणि अंगण ओलांडून जर्दाळूखाली गेली. मुल्लाशी ती काय बोलली ते बुरुलला ऐकू आलं नाही. खूप वेळ बोलली, बरणी धरल्यासारखा एक हात पुढे करून. मुल्लानं मान खाली घातली, मग पायांतले बूट काढले आणि नमाजाआधीचा वजू करायला, हातपाय धुवायला, पाणी मागितलं.

मग ती फाटकाकडे गेली. गाडीचं मागचं दार उघडलं, जूराला हाताला धरून उतरवलं, तंबूच्या दिशेनं हलकेच ढकललं, आणि तिच्या जागी आत बसून दार ओढून घेतलं.